मामांनी गाडीचे दात मोजले

माझ्या बोलण्यावर भरवसा ठेवून आजवर खऱ्या जोखमीत पडलेलं माणूस एकच, माझी बायको. वांग्याचं रोप टाकायच्या दिवसांत जेवता जेवता मी एकदा बोलून गेलो, "यंदा मोटरसायकल घेतोच घेतो. जुनी घेईन, पन घरची घेईन. मंग पाय, तुये वांगे उटनूरच्या बाजारात नवरदेवासारखे उतरतीन." जेवताना माणूस काय बोलतो ते कोणी मनावर घेऊ नये. ठेचा जरा झणझणीत असला की मी निजामाचा खजिनाही विकत घेतो आणि वर हत्ती फुकट मागतो. पण तिनं ते बोलणं पदरात बांधलं आणि दरवर्षीच्या अर्ध्या एकराच्या जागी अख्खा एकर वांगी लावून मोकळी झाली.

वांगीही अशी धरली की सांगायची सोय नाही. एकेका झाडाला आधार द्यायला बांबू कमी पडले, म्हणून शेजाऱ्याच्या कुंपणाला आम्ही रात्रभर समजावलं. एका झाडाच्या सावलीत तर आमची कोंबडी सहकुटुंब राहायला गेली. पण वांगं झाडावर चमकून काय उपयोग? ते बाजारात पोचावं लागतं. आमचं गाव बाजारहत्नूरच्या पल्याड, आणि तिथून उटनूरच्या आठवडी बाजाराला जायला एकच शेअर ऑटो. तो भरल्याशिवाय हलत नाही, आणि तो भरला असं त्याच्या मालकाला आजवर कधी वाटलेलं नाही. आत अठरा माणसं, त्यांच्या मांडीवर सात पोरं, पायांत दोन बकऱ्या, टपावर एक सायकल आणि त्या सायकलवर बसलेला तिचा मालक. या सगळ्या प्रजेच्या बुडाखाली आमची टोपली. घरून वांगी घेऊन निघायचो आणि बाजारात भरीत घेऊन उतरायचो. फक्त कांदा आणि कोथिंबीर टाकायची बाकी. त्यातही पोचायला अकरा वाजायचे. तोवर खानावळवाले आणि लग्नघरवाले माल उचलून गेलेले, चिंचेखालची सावलीतली जागा गेलेली, आणि आम्ही उन्हात बसून चेपलेली वांगी हातानं फुगवून राहिलेलो.

अर्ध्या एकराचं हे कसंतरी भागायचं. एकराचं भागणं शक्य नव्हतं. पहिल्या बाजाराच्या आधी गाडी दारात आली नाही तर पहिला मोठा तोडा, म्हणजे खुडलेली सगळी वांगी, गुरांपुढे टाकायचा, हे आमच्या घरात सगळ्यांना कळून चुकलं होतं, गुरांनाही. गुरं तर माझ्याकडे फार प्रेमानं पाहायला लागली होती.

मी तयारीला लागलो. जुनी मोटरसायकल कशी पारखायची याचे मोबाइलवर चाळीस व्हिडिओ पाहिले. एकाच बैठकीत पाहिले म्हणून डोळ्यांपुढे दोन दिवस चाकं फिरत होती. तेलाचा रंग, सायलेन्सरचा धूर, क्लचचा आवाज, सगळं तोंडपाठ झालं. मी बायकोसमोर उभा राहून बोटांवर मोजत सगळं म्हणून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. शेवटी म्हणाली, "तुमी पाहाले जा. पन 'हव' म्हनाचं ते बाबा म्हनतीन."

बाबा म्हणजे तिचे वडील, माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. मामांनी जन्मात मोटरसायकल चालवली नाही. सायकलवरसुद्धा ते एकदाच बसले आणि एकदाच पडले. पण बैल? राज्याच्या सीमेच्या अल्याड-पल्याडच्या गावांत मामांचा हात पाठीवरून फिरल्याशिवाय बैलाचा सौदा होत नसे. घुंगरांच्या आवाजावरून ते बैलाचं वय सांगत. एकदा म्हणे नुसतं शेण पाहून त्यांनी सांगितलं होतं की या बैलाच्या मालकाचं आणि मालकिणीचं तीन दिवसांपासून बोलणं बंद आहे. चौकशी केली तर चौथा दिवस होता. मामा म्हणाले, "शेन कालचं हाय ना."

मी बायकोला म्हणालो, "अवं, मोटरसायकल हाय ते. तिले शेपूट नाई."

"तुमाले तरी कुठी हाय? तरी बाबानं पाहूनच पसंत केलं ना."

यावर कोणाकडे उत्तर असेल तर मला कळवावं.

निघताना तिनं मामांच्या पिशवीत हळद-कुंकू, नारळ आणि सुताचं नवंकोरं दावं घातलं. बैल आणायला जाताना घालतात तसं. मी पाहिलं आणि हसलो. तेव्हा हसलो.

पहिल्यांदा गेलो ते आदिलाबादला, जुन्या गाड्यांच्या एका दुकानात. रांगेनं गाड्या उभ्या, सगळ्या पुसून अशा लखलखीत की मला एका टाकीत माझं तोंड दिसलं आणि मी स्वतःलाच रामराम केला. त्यात एक लाल गाडी होती. काय सांगू! सीट नवी, आरसे नवे, हँडलला रेशमी गोंडे. माझं लग्न ठरताना माझी छाती एवढी धडधडली नव्हती. दुकानदार पुढे आला.

"चाचा, एकदम मख्खन है. एकच मालक. डॉक्टर साहेब. सिर्फ संडे को चलाते थे."

मी मामांकडे वळून हळूच म्हणालो, "मामा, डॉक्टरची हाय. आन फकत रविवारची."

मामा गाडीपाशी गेले, खाली बसले आणि बैलाच्या कपाळाला लावावा तसा तळहात इंजिनाला लावला. लगेच काढला. मग दुकानदाराकडे पाहून म्हणाले, "हिले ताप हाय."

"धूप है ना चाचा, धूप से गरम हुई."

मामांनी वर पाहिलं. वर पत्र्याचं छप्पर होतं आणि गाडी दुकानाच्या सगळ्यात आतल्या कोपऱ्यात उभी होती. तिथं ऊन यायचं असतं तर आधी मागची भिंत पाडावी लागली असती. मामा मला म्हणाले, "जवाई, बाजारात दलाल काय करते, ठाऊक हाय? आडमुठा बैल असला का पहाटेच त्याले दोन कोस पळवते. गिऱ्हाईक येईपर्यंत बैल थकून गरीब गाय होते. ह्या मानसानं आपून यायच्या आंदी हिले लाता घालू घालू उठवली. थंडी असताना उठत नसन ते."

हे तर माझ्या व्हिडिओत होतं! गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड असलं पाहिजे, गरम असेल तर समजा काही लपवलं आहे. अकराव्या व्हिडिओत. मी ते तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं, पण रेशमी गोंडे पाहून सगळं विसरलो होतो. तरी मी धीर करून म्हणालो, "पन मामा, रंग पाय ना."

"शिंगाले तेल कोनीबी लावते," मामा म्हणाले आणि चपला घालून निघाले. मी त्या लाल गाडीकडे मागे वळून तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा दुकानदार दुसऱ्या एका माणसाला सांगत होता की ही गाडी तहसीलदार साहेबांची आहे. सिर्फ संडे को.

बाजार दोन दिवसांवर आला. वांगी टंच झाली होती. बायको आता माझ्याशी प्रेमानंही बोलत नव्हती, नुसती वांग्यांकडे पाहायची आणि मग माझ्याकडे पाहायची. तेवढ्यात बातमी लागली की उटनूरला एक निवृत्त मास्तर आपली जुनी गाडी विकायला काढतो आहे. बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी ऑटोची पहिली फेरी धरून मामा आणि मी त्याच्या दारात हजर.

मास्तर तेलुगू माणूस, पण जन्म सारा आमच्याच गावांतली पोरं शिकवण्यात गेलेला, त्यामुळे मराठी बोलायचा, तीही शाळेच्या पुस्तकातली. मामांना पाहून म्हणाला, "या या, पेद्दायना, बसा." पेद्दायना म्हणजे वडीलधारे. मामांना ते फार आवडलं. ते बसले नाहीत, पण आवडलं.

गाडी परसात सरपणाच्या बाजूला उभी होती. काळी होती म्हणतात. मला तरी तिचा रंग कळला नाही, कारण तिच्यावर पंधरा वर्षांची धूळ, टाकीवर एक कोंबडी आणि हेडलाइटवर मास्तरणीनं वाळत घातलेली टोपी. सीट शिवून शिवून गोधडी झालेली. तिला पाहून माझ्या मनात लाल गाडीचे गोंडे हलले. मी मामांच्या कानात म्हणालो, "हे तर आजी हाय, मामा."

"आजीनंच घर चालते," मामा म्हणाले आणि कोंबडी उचलून बाजूला ठेवली.

मग जे झालं ते मी दोन डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगतो. मामांनी आधी इंजिनाला हात लावला. थंडगार. मग मागच्या चाकाशी बसले आणि म्हणाले, "दात दाखव."

मास्तर माझ्याकडे पाहायला लागला. मी मामांकडे. मामांनी चेन बोटानं ओढली आणि तिच्याखालचं दातेरी चक्र पाहिलं. एकेक दात अंगठ्यानं चाचपत, बैलाचा ओठ उचलून पाहावं तसं, सगळे दात मोजले. "चौकोनी हायत. झिजून अनकुचीदार झाले नाई. ज्याचे दात आकड्यावानी वाकले त्यो म्हातारा. हे म्हातारी दिसते, पन दात जवान हायत." व्हिडिओवाल्यांनी याच गोष्टीला बारा मिनिटं लावली होती, आणि मधे जाहिरात.

मग मान. पुढचं चाक उचलून धरायला लावलं आणि हँडल डावी-उजवीकडे फिरवलं. "जू लागलेल्या बैलाची मान अडकते. हिची मान मोकळी हाय." मग शेण. हो, शेण. सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून फिरवलं आणि बाहेर काढून माझ्या नाकासमोर धरलं. कोरडी काजळी. "ओलं, तेलकट निघालं असतं ना, तं पोट बिघडलेलं राह्यते." मास्तर एव्हाना वही-पेन आणायला आत जातो की काय असं मला वाटलं. निवृत्त झाला तरी मास्तरच.

पण खरा खेळ पुढे झाला. मामांनी मास्तरणीकडून बादलीभर पाणी मागितलं आणि अंगणात ओतून ओला पट्टा केला. म्हणाले, "जवाई, बसू नोको. हातानं ढकलत सरळ ने." मी ढकलत नेलं. मामा गुडघ्यावर बसून चिखलातली खूण पाहू लागले. चांगला बैल चालतो तेव्हा त्याचं मागचं पाऊल पुढच्या पावलाच्या ठशावर पडतं. गाडी पडली-झडली असेल, आतला सांगाडा वाकला असेल, तर मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेघेवरून जात नाही, बाजूनं जातं. इथं चिखलात एकच रेघ होती. एकच! सुतारानं ओढावी तशी. मामा उठले. त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदा तो भाव पाहिला, जो म्हणे त्यांच्या तरुणपणी खिल्लारी जोडी पाहून यायचा.

"लाथ मार," मामा म्हणाले.

मी किक मारली. काही नाही. दुसरी मारली. गाडी खोकली, शिंकली, आणि मग असा आवाज काढून सुरू झाली की सरपणाखालून तीन उंदीर संसार घेऊन निघाले. मामा मान तिरकी करून ऐकत राहिले. मी म्हणालो, "कसा हाय आवाज?" ते म्हणाले, "रवंथ करून राह्यली."

आता माझीही थोडी अब्रू राहिली पाहिजे. गाडीच्या मानेवर कोरलेला नंबर मी दस्तीनं, म्हणजे रुमालानं, घासून घासून उघडा केला आणि मास्तराच्या आर.सी.वरच्या नंबराशी आकडा आकडा जुळवला. सगळा जुळला. मामा म्हणाले, "हे काय करून राह्यला?" मी म्हणालो, "मामा, बैलाच्या ओळखीचा भोवरा पाहून राह्यलो." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेचा आवाज वांकिडीपर्यंत गेला असावा.

मग ओझ्याची परीक्षा. बैल घेताना भरलेली गाडी ओढायला लावतात, तसं. मास्तराकडून ज्वारीची दोन पोती मागून दोन्ही बाजूंना बांधली, मामा मागे बसले, आणि गावाबाहेरच्या घाटाला लागलो. पहिल्या वळणावर ती कण्हली. दुसऱ्या वळणावर मी कण्हलो. तिसऱ्या वळणावर मामांनी माझी कंबर अशी आवळली की माझे प्राण आणि गाडीचा क्लच एकदमच सुटले. पण चढली. माथ्यावर नेऊन मामांनी तिला बंद करायला लावली, पाच मिनिटं उभी ठेवली आणि म्हणाले, "आता पुन्ना उठव. काम करून आल्यावर जो बैल चारा खाते त्योच खरा." एका लाथेत उठली.

परत येऊन सौदा झाला. मामांनी मास्तराचा हात आपल्या दस्तीखाली घेतला, जसा बैलबाजारात घेतात, आणि आत बोटं दाबून भाव ठरवत दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. मास्तरही इथं मुरलेला, त्याला सगळं कळत होतं. दस्तीखाली काय झालं ते त्या दोघांना ठाऊक. बाहेर दोघंही हसत होते, यावरून दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटत होतं. कागदांवर सह्या झाल्या. मास्तरणीनं चहा दिला. मास्तर म्हणाला, "एक गोष्ट सांगतो. हिचं चावीचं कुलूप झिजलं आहे. गाडी चालू असताना चावी उपसून निघते, तरी गाडी चालूच राहते. घाबरू नका. आणि टाकीत पेट्रोल थोडं आहे, जाताना भरून घ्या."

मी मान हलवली. मी तेव्हा कशालाही मान हलवली असती. मी गाडी सुरू करून ठेवली आणि रस्त्यापर्यंत जाऊन नारळ फोडायला दगड शोधत होतो, तोवर मामांनी चालू गाडीला हळद-कुंकू लावलं, हँडलला नवं दावं बांधलं, मास्तराशी काहीतरी बोलले आणि येऊन मागे बसले. "चाल."

पेट्रोल पंपावर गर्दी होती. म्हटलं, उद्या बाजाराला यायचंच आहे, उद्या भरू. घराच्या अलीकडेच गाडी अडखळली, तेव्हा टाकीखालचा काक, म्हणजे पेट्रोलची तोटी, रिझर्ववर फिरवला आणि वाजतगाजत दारात आलो. बायको आरतीचं ताट घेऊन बाहेर आली. आजूबाजूची माणसं जमली. तिनं गाडीच्या चाकावर पाणी घातलं, हेडलाइटला कुंकू लावलं, मला ओवाळायचं विसरली. मी ऐटीत गाडी बंद करायला चावीला हात घातला.

चावी नव्हती.

"मामा, चावी कुठी हाय?"

"मास्तरजवळ."

"मास्तरजवळ काऊन?"

मामा माझ्याकडे असे पाहायला लागले जणू मी काही भलतंच मागितलं आहे. "बैल इकनारा दावं कदी देते का? दाव्यासंगं त्याच्या गोठ्याची लक्ष्मी येते. त्यो भला मानूस चावी माया हातात देऊन राह्यला होता. म्या म्हनलं, नाई बाप्पा, तुयी लक्ष्मी तुयाजवळ ठेव. आमी आमचं दावं आनलं हाय." आणि हँडलला बांधलेलं सुताचं दावं दाखवलं.

गाडी आपली धडधडत होती. मी तिला गिअरमध्ये टाकून क्लच सोडला, तेव्हा ती आचका देऊन बंद पडली. मग मी मास्तराला फोन लावला. मास्तर शांतपणे म्हणाला, "पेद्दायना म्हणाले देऊ नका. बायकोनं देवापुढं ठेवली आहे." मी म्हणालो, "सार, उद्या बाजारात घेऊन या." तो हो म्हणाला.

एवढ्यावर निभावलं असतं. कुलूप चालूवरच राहिलं होतं, त्यामुळे चावीशिवायही गाडी लाथेनं उठत होती. पण मग माझ्या लक्षात आलं: टाकीचं झाकण त्याच चावीनं उघडतं. कोणी बाटलीत पेट्रोल आणून दिलं तरी ते टाकीत घालायचं कुठून? जे आत आहे तेच, आणि तेही रिझर्ववरचं. तोडा झालेला होता. दोन मोठ्या टोपल्या वांगी अंगणात ओल्या गोणपाटाखाली चमकत होत्या. उद्याचा बाजार चुकला तर पुढच्या बाजारापर्यंत ती सुरकुतून मामांच्या वयाची झाली असती.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. तिनं फक्त विचारलं, "पोचते का नाई?"

मामांनी गाडी कमरेनं धरून हलवली आणि टाकीला कान लावला. आत कुठंतरी चुळूक वाजली. "हाय पोटात. घाट चढते."

"आन मंग?"

"मंग उतार हाय. उताराले कोनाच्या बापाचं पेट्रोल लागते?"

सकाळी सहाला निघालो. मी, मागे बायको, दोन बाजूंना दोन टोपल्या. मामा ऑटोनं येणार होते. कुलूप रातभर चालूवरच राहिल्यामुळे बॅटरी पार बसली होती, हॉर्न वाजत नव्हता. मामा म्हणाले, बैलाला कुठं हॉर्न असतो. तेव्हा हॉर्नचं काम माझ्याकडे आलं. "बाजू! बाजू व्हा!" असं मी इतकं ओरडत निघालो की उटनूरच्या अलीकडच्या डोंगरातली रानडुकरं अजून रस्त्याच्या डाव्या बाजूनंच चालतात. मागे बायको. तिनं एक हात एका टोपलीवर, दुसरा दुसऱ्या टोपलीवर ठेवला होता. मला धरायला तिसरा नव्हता, आणि असता तरी वांग्यांवरच ठेवला असता.

घाट लागला. पहिलं वळण, दुसरं वळण. तिसऱ्या वळणावर, जिथून माथ्यावरचं पळसाचं झाड दिसतं, तिथं गाडी एकदा हुंदका देऊन गप्प झाली. मी किक मारली. वीस मारल्या. पन्नास मारल्या. खाली दरीत ऑटोचा भोंगा ऐकू येऊ लागला. तो ऑटो! त्याच्या टपावर आज सायकल नव्हती, पलंग होता. तो आमच्या आधी बाजारात पोचणार, आणि आम्ही इथं वांगी घेऊन पळसाखाली संसार मांडणार.

मी घामाघूम होऊन म्हणालो, "संपलं."

बायको खाली उतरली. टाकीपाशी आली. टाकी खालून पाहिली, वरून पाहिली. मग म्हणाली, "हे टाकी मधातून वर उचललेली हाय. घोड्यावर खोगीर बसते तशी. एका आंगाचं सरलं, पन दुसऱ्या आंगाले थोडं अडकलं असन ना?"

"असन. मंग?"

"तेलाची बाटली सरत आली का म्या काय करतो? आडवी करतो."

चाळीस व्हिडिओ, हो, चाळीस! एकातही हे नव्हतं. तिनं टोपल्या सोडल्या. एक टोपली डोक्यावर घेतली आणि पदर खोचून सरळ माथ्याकडे चालायला लागली. मला काही सांगायला मागेही वळली नाही. मी गाडी काक असलेल्या बाजूला जवळजवळ जमिनीपर्यंत आडवी केली. आत चुळूक वाजली. उभी केली, दुसरी टोपली एका हातानं पोटाशी धरली आणि लाथ मारली. उठली! मी एका हातानं वांगी आणि एका हातानं गाडी सांभाळत निघालो. अर्ध्या वाटेत बायकोला गाठलं तर ती म्हणते, "थांबू नोका! थांबलं तं मरते ते!" मी थांबलो नाही. माथ्यावर पळसाखाली गाडी पुन्हा गप्प झाली, पण आता माझं काही जात नव्हतं. पुढे उतार होता, सगळा उतार.

टोपल्या बांधल्या. ती बसली. मी पाय उचलले.

मंडळी, मी पुष्कळ गाड्यांवर बसलो आहे, पण तसा प्रवास नाही. इंजिन बंद, आवाज नाही, नुसता वारा आणि मागून तिचं हसणं. ती हसत होती! लग्नाला बावीस वर्षं झाली, तिला असं हसताना मी ऐकलं नव्हतं. मी "बाजू! बाजू!" ओरडत होतो, तर मागून तीही ओरडायला लागली. तुरीच्या शेतातल्या बाया उभ्या राहून पाहायला लागल्या. एक म्हातारा बैलगाडी रस्त्याच्या कडेला घेऊन हात जोडून उभा राहिला. त्याला वाटलं कोणाची तरी स्वारी चालली आहे. उताराच्या शेवटी लहानसा चढ होता, तोही आम्ही हसण्याच्या जोरावर चढलो, आणि गाडी बाजारात शिरून चिंचेखाली जी थांबली ती जागेवर. आठही वाजले नव्हते. चिंचेखाली अजून सावलीशिवाय कोणी नव्हतं.

टोपली उघडली. एकही वांगं चेपलेलं नव्हतं. एकेकाचा देठ हिरवागार, काटे टवटवीत. बायकोनं गोणपाट अंथरलं, तराजू लावला, आणि पहिलं गिऱ्हाईक आलं ते खानावळवाला. तो आमच्या दुकानापाशी कधी थांबत नसे, कारण आम्ही यायचो तोवर तो जेवायला वाढत असायचा. त्यानं एक वांगं उचललं, दाबलं, देठ पाहिला आणि म्हणाला, "अर्धी टोपली द्या, अम्मा." दुसरं लग्नघर आलं. तिसरं, चौथं. मी नुसता पिशव्या धरत होतो.

तेवढ्यात मास्तर चावी घेऊन आला, आणि त्याच वेळी ऑटोतून मामा उतरले, अंगाला बकरीचे केस लागलेले. मास्तरानं चावी माझ्यापुढे धरली. मामा दहा पावलांवरून गरजले, "घेऊ नोको! जवाई, हात नोको लावू!"

मास्तर म्हणाला, "पेद्दायना, मग पेट्रोल कसं घालाल?"

"ते तुमचं दावं हाय!"

"पण झाकण?"

"झाकनाचं पाहू! लक्ष्मी हाय ते!"

चिंचेखाली माणसं जमली. एक जण म्हणाला चावी घ्यावी, एक म्हणाला घेऊ नये, एकानं त्याच्या आज्याच्या बैलाची गोष्ट सुरू केली. मास्तर चावी पुढे करी, मामा त्याचा हात मागे लोटी. मी मधे उभा. बायकोनं मापात वांगी टाकता टाकता, मान वर न करता, सांगितलं, "बाबा, बैल इकनाऱ्याचा आन दावं आपलं नवं, हेच ना? मंग चावीबी नवी करा. तो काय चावीवाला बसला हाय चपलाच्या दुकानापाशी. त्याले दाखवून आपली करून घ्या आन मास्तरची मास्तरले वापस द्या. आन बाजूले व्हा सारे, गिऱ्हाइकाले वांगे दिसून नाई राह्यले!"

सगळे बाजूला झाले. मामा आणि मास्तर हातात हात घालून चावीवाल्याकडे गेले. मी जागच्या जागी उभा राहून पिशव्या धरत राहिलो. दुपारच्या आत दुसऱ्या टोपलीचा तळ दिसला. सावली आमच्यावरून सरकून शेजारच्या मिरचीवाल्याकडे गेली तेव्हा आमच्याकडे विकायला काहीच उरलं नव्हतं. एक बाई धावत आली, "वांगे आहेत का?" बायको टोपली उपडी करून माती झटकत होती. ती म्हणाली, "संपले, बाई. पुढच्या बाजाराले ये. आठच्या आंदी ये." आणि मग माझ्याकडे वळून, टोपली माझ्या हातात देत म्हणाली, "पुढच्या साली दीड एकर लावतो."